नुसते टाके

गाडी लोखंडी घोड्यांवर चढवून वेल्डरबाई स्क्रू ड्रायव्हर घेऊन तिच्याखाली सरकली, तेव्हा गाडी घेऊन आलेले थोरले भाऊ बाजूच्या स्टुलावर बसून होते. घरचं माणूस तपासणीला आत नेलं की नातेवाईक बाहेर बसतात तसे. काठी दोन गुडघ्यांमध्ये, दोन्ही हात काठीच्या मुठीवर.

"वरून तर अजून नवरीसारखी दिसते," ते म्हणाले.

"नवरी वरूनच बघतात," खालून उत्तर आलं आणि पाठोपाठ खचकन आवाज झाला. स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत चेसिसमध्ये घुसला होता. तिनं तो बाहेर ओढला तसा गंजाचा भुगा तिच्या चष्म्यावर आणि ओठांवर पडला. ती थुंकली. "हे लोखंड नाही, बिस्किट आहे. कुणीतरी भोकांत पुट्टी भरून वर डांबर फासलंय. गाडी नुसती सवयीनं उभी आहे."

"होईल ना पण?"

"होईल. चेसिसची डावी दांडी पुढच्या चाकापासून दरवाज्यापर्यंत कापून काढावी लागेल. नवीन बनवून बसवू. उजवी बरी आहे. वेळ लागेल."

"लागू दे," थोरले म्हणाले. "मी आयुष्यभर थांबलोय."

कारखाना तिच्या वडिलांचा. पुढं मोठं शटर, आत तेलानं काळी पडलेली फरशी, भिंतीला लागून लांब लाकडी बाक आणि बाकावर बोल्टनं पक्का केलेला, काम घट्ट धरून ठेवायचा लोखंडी शिकंजा. वेल्डिंग तिनं वडिलांच्या शेजारी उभं राहून उचललं होतं. नवरा रंगारी. तो मुळात इथं रंगाच्या कामाला आला आणि इथलाच झाला. आधी कामगार, मग जावई. "बढती मिळाली, सुट्टी बंद झाली," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. ती कापायची आणि जोडायची. तो वाळूचा फवारा मारून गंज उडवायचा, लोखंड चांदीसारखं उजळलं की लाल प्रायमर द्यायचा, वर काळा रंग, आणि शेवटी दांड्यांच्या पोकळीत पातळ मेण सोडायचा, म्हणजे आतून पाणी धरत नाही. बोलण्याचं खातं त्याचं, रागाचं तिचं. चारचौघांत ती त्याला 'अहो' म्हणे. 'अरे' म्हणाली की ओळखीचे लोक गुपचूप बाहेर जाऊन उभे राहत.

त्या दिवशी रंगाऱ्यानं थोरल्यांना चहा दिला आणि ते बोलायला लागले. सत्तरीकडं झुकलेले, इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. गाडी त्यांच्या वडिलांची, परदेशी बनावटीची, स्टिअरिंग डावीकडं. आई लवकर गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं, त्या लग्नाचा एक धाकटा भाऊ.

"सुट्टीच्या दिवशी बाबा आम्हाला फिरवायचे. धाकटा पुढं, त्यांच्या मांडीवर. स्टिअरिंग धरायला द्यायचे त्याला. मी मागं. काचेवर माझ्या श्वासाचं धुकं आलं तरी घरी गेल्यावर पट्टा निघायचा. एकदा मी दरवाजा जोरात लावला. तर त्यांनी मला पाय बाहेर ठेवायला सांगितला आणि तोच दरवाजा माझ्या पायावर लावला." त्यांनी काठीनं आपल्या पोटरीवर हलकेच टकटक केलं. कुणाच्या तरी दुसऱ्याच्याच पायाबद्दल सांगावं तसं ते सांगत होते.

रंगाऱ्यानं किटली खाली ठेवली. "आणि तरी तुम्हाला हीच गाडी हवी?"

"मग दुसरी कुठली हवी असणार?" थोरल्यांनी कप खाली ठेवला. "धाकट्याचं म्हणणं, बाबांनी गाडी त्याला दिली. तोंडी. तो माग काढत येईल इथं. गाडीला हात लावू देऊ नका."

ते गेल्यावर रंगारी म्हणाला, "बिचारा."

"बिचारा कसला," ती म्हणाली. "एवढा वेळ बसला, पण आपल्याकडं एकदा तरी बघितलं का त्यानं? गाडीकडंच बघत होता."

काम सुरू झालं. ग्राइंडरनं डावी दांडी कापली तेव्हा तिच्या पोटातून ओंजळभर गंज, उंदराचं जुनं घरटं आणि एक चमचा निघाला. वेल्डरबाईनं जाड पत्र्याची नवीन दांडी ठोकून, वाकवून तयार केली, जागेवर बसवून पाहिली, पकडींनी धरून ठेवली. रंगाऱ्यानं उजवी बाजू खरवडून प्रायमर मारला. एक बाजू लाल, एक बाजू अर्धवट, अशी गाडी घोड्यांवर उभी राहिली.

आणि धाकटा आला. पहिल्यांदा एकटाच. भावापेक्षा बराच लहान, रुंद खांद्यांचा, हसरा. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर तळवा ठेवला आणि वेल्डरबाईला म्हणाला, "ताई, दादानं माझ्याबद्दल काय सांगितलं?"

"गाडीला हात लावू देऊ नका म्हणून सांगितलं."

तो हसला, पण हात काढला नाही. "मी हिच्यात गाडी चालवायला शिकलो. दादाला गिअर कुठंय ते माहीत नाही. त्याला ही गाडी चालवायला नकोच आहे ताई. कोंडून ठेवायची आहे."

"तुमचं भांडण तुम्ही घरी मिटवा. ज्यानं आणून दिली त्याच्या हातात मी गाडी देणार. हात काढा."

"नाही काढला तर?"

तिनं बाकावरचा हातोडा उचलला. रंगारी पटकन मध्ये पडला, "साहेब, हिला हातोडा जवळचा आहे, मी लांबचा," असं काहीतरी बोलून त्यानं धाकट्याला दरवाज्यापर्यंत पोचवलं. धाकटा जाताना मागं वळला. हसू तसंच होतं. "परत येतो," तो म्हणाला.

तो परत आला तो सुट्टीच्या दिवशी दुपारी. आजूबाजूची दुकानं बंद, रस्ता ओस. गाडी लवकर संपवायची म्हणून ही दोघं कामावर होती. वेल्डरबाई खाली जोड घासत होती. ग्राइंडरच्या आवाजात तिला शटर खाली ओढल्याचं कळलंच नाही. ग्राइंडर थांबवला तेव्हा तिला आधी तीन पुरुषांचे बूट दिसले आणि मग नवऱ्याच्या चपला, फरशीवर नुसत्याच, एक इकडं, एक तिकडं.

ती सरपटत बाहेर आली. धाकट्याबरोबर दोघं होते. एक जाड्या, हातात लोखंडी पाइप. दुसरा टोपीवाला, त्यानं रंगाऱ्याला मागून गळ्याभोवती हात घालून धरलं होतं. रंगाऱ्याचं नाक फुटलं होतं आणि रक्त हनुवटीवरून शर्टावरच्या प्रायमरच्या जुन्या डागांवर ठिबकत होतं, कुठलं काय ते कळत नव्हतं.

"ताई, गाडी न्यायला आलोय," धाकटा म्हणाला.

"नेणार कशी? डावी बाजू कापलेली आहे. पकडींवर तोललीय नुसती."

"मग जोडा."

"दोन्ही बाजूंनी पूर्ण वेल्डिंग करायचंय, आतून पट्टी द्यायची आहे. दोन दिवस तरी लागतील."

धाकट्यानं खिशात हात घालून कारखान्यात इकडंतिकडं पाहिलं. त्याची नजर शिकंज्यावर थांबली. टोपीवाल्याला त्यानं नुसती मान हलवून खूण केली. दोघांनी रंगाऱ्याला ओढत बाकापाशी नेलं आणि त्याचा उजवा हात शिकंज्याच्या दोन जबड्यांमध्ये धरला. धाकट्यानं दांडा फिरवून जबडे हाताला टेकेपर्यंत आणले.

"तुम्ही जोडत राहायचं. थांबलात की मी एक आटा आवळणार," तो म्हणाला. "दोन दिवस म्हणता ना? बघू, तुमच्या यजमानांच्या हाताला किती वेळ आहे ते."

"हळू साहेब," रंगारी म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, पण सवय जात नाही. "हाच हात जेवायला लागतो."

धाकट्यानं दांडा फिरवला. रंगाऱ्याच्या तोंडून जो आवाज निघाला तसा आवाज वेल्डरबाईनं लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत ऐकला नव्हता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला ग्राइंडर चालू करून ती सरळ धाकट्याच्या अंगावर गेली. जाड्या मध्ये आला. चाक त्याच्या दंडाला घासलं, बाही फाटली, मांस फाटलं. त्यानं शिवी हासडत पाइप फिरवला. तो तिच्या बरगड्यांवर बसला. श्वासच गेला तिचा. ती गुडघ्यांवर पडली, तेव्हा तिला दुसरा आवाज ऐकू आला. नवऱ्याचा नव्हे, हाडाचा. वाळकी फांदी पायाखाली यावी तसा.

"हा तुमच्यामुळं," धाकटा म्हणाला. "चला, कामाला लागा."

ती कामाला लागली. गाडीखाली आडवी झाली, मुखवटा खाली ओढला. निळ्या उजेडात तिला फक्त जोडाची भेग दिसत होती. सलग वेल्डिंग मारायला हात संथ चालावा लागतो. घाई केली की जोड आतून पोकळ राहतो. संथ चालण्याइतका वेळ तिच्याकडं नव्हता. तिनं टाके मारायला सुरुवात केली. एक टाका इथं, एक तिथं, मध्ये रिकामी जागा. शिवणाऱ्या बाईनं कपडा अंगावर बसतो का ते पाहण्यापुरता कच्चा धागा घालावा, तसे. जळून संपलेली इलेक्ट्रोडची कांडी बदलायला हात थांबला की बाकाकडून किंकाळी यायची. मग ती ओरडायची, "करतेय ना! करतेय ना मी!" आणि जाड्या गाडीखाली बूट घालून तिच्या मांडीवर लाथ मारायचा.

हळूहळू किंकाळ्या बसक्या होत गेल्या. मग नुसतं कण्हणं. ते तिला जास्त असह्य झालं.

"झालं," ती बाहेर आली आणि म्हणाली.

धाकट्यानं वाकून खाली पाहिलं. "टिकेल ना?"

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो बाकावर डोकं टेकून अर्धवट लोंबकळत होता. शिकंज्यातून बाहेर आलेली बोटं काळीनिळी पडली होती. नाही म्हटलं तर हा पुन्हा कामाला लावणार, आणि त्या हाताचा चेंदा होणार.

"टिकेल," ती म्हणाली.

"मोठ्या रस्त्यावर?"

"कुठंही."

रंगाऱ्यानं डोकं उचलून तिच्याकडं पाहिलं. तिनं काय केलंय, काय नाही, हे त्याला तिच्या कामाच्या आवाजावरूनच कळलं होतं. त्यानं डोकं पुन्हा बाकावर टेकलं.

टोपीवाल्यानं कोपऱ्यातला काळ्या रंगाचा डबा उचलला आणि ब्रशनं सगळ्या जोडांवर फासला. गरम लोखंडावर रंग चरचरला, धूर निघाला. बघणाऱ्याला आता दांडी अखंड दिसली असती. त्यांनी गाडी खाली उतरवली, शटर वर ढकललं. इंजिन दोन झटक्यांत सुरू झालं. धाकटा आणि जाड्या गाडीत बसले, टोपीवाला त्यांच्या दुसऱ्या गाडीत. शिकंजा उघडायला कुणी थांबलं नाही. तो तिनंच उघडला.

रंगाऱ्याचा हात तिनं स्वच्छ फडक्यात गुंडाळला, त्याला पिकअपमध्ये बसवलं. हवा तसा श्वास घेता येत नव्हता तिला. बरगडी आत टोचत होती. निघण्यापूर्वी तिनं थोरल्यांना फोन लावला. "तुमचा भाऊ माणसं घेऊन आला होता. माझ्या नवऱ्याचा हात मोडला त्यानं. गाडी घेऊन मोठ्या रस्त्यानं गेलाय. पोलिसांना कळवा."

पलीकडून थोरल्यांनी विचारलं, "चालवत नेली? म्हणजे पूर्ण झाली होती?"

तिनं फोन सीटवर फेकला.

इस्पितळाचा रस्ताही तोच होता. रंगारी खिडकीला डोकं टेकून बसला होता. काही अंतर गेल्यावर तो म्हणाला, "तू टिकेल म्हणालीस."

"म्हणाले."

"छान केलंस."

ॲक्सिलरेटरवरचा तिचा पाय खाली दाबला गेला. तो इस्पितळ लवकर यावं म्हणून की पुढची गाडी गाठावी म्हणून, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

मालगोदामांच्या पुढं रस्ता वळतो आणि उतरतो, तिथं चार-सहा माणसं जमलेली दिसली. गाडी कठड्यावर आदळून आडवी उभी होती. खरं तर उभी म्हणता येत नव्हती. उताराला ब्रेक दाबल्याबरोबर टाके एकामागून एक उसवले होते, डावी दांडी खाली लोंबून रस्त्यात रुतली होती आणि गाडीचं नाक आतल्या बाजूला मुडपलं होतं. जाड्या रस्त्याच्या कडेला बसून हातांनी स्वतःचा चेहरा चाचपत होता. कपाळ कुठं संपतं ते कळत नव्हतं, इतकं रक्त. टोपीवाला त्याच्या गाडीसह केव्हाच पसार झाला होता.

धाकटा आत होता. स्टिअरिंगचा खांब मागं येऊन त्याच्या छातीवर बसला होता. दांडीचं तुटलेलं टोक पायाखालचा पत्रा फोडून आत घुसलं होतं आणि त्याच्या मांडीत शिरलं होतं. तीच दांडी, तिनं ठोकून घडवलेली.

"बाई," तो म्हणाला. 'ताई' नाही. "बाई, काढा मला."

वेल्डरबाईनं खिडकीतून हात घातला, त्याचे केस मुठीत धरले आणि त्याचं तोंड स्टिअरिंगवर आपटलं. दात तुटल्याचा आवाज आला. तिनं डोकं मागं ओढलं, पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा उचललं तेव्हा त्याचा प्रतिकार नव्हता, नुसतं ओझं होतं, आणि तिला आपल्याच हाताची किळस आली. तिनं केस सोडले.

"मरू दे त्याला!" मागून रंगारी ओरडला. तो पिकअपच्या दारात उभा होता, गुंडाळलेला हात छातीशी धरून. "चल तू! माझा हात बघ आधी!"

तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मग खाली. मांडीतून रक्त दमादमानं बाहेर पडत होतं, सीटवरून सांडून पायाखाली साचत होतं. शिवाय पेट्रोलचा वास. चेसिसच्या कडेनं जाणारी नळी तुटून ठिबकत होती. जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला, आग विझवणाऱ्यांना फोन केलाय, पण ते शहराच्या त्या टोकाला आहेत.

"अरे, जॅक आण!" ती ओरडली.

रंगारी जागचा हलला नाही.

"अरे, ऐकू येतंय का? जॅक आण म्हणते!"

त्यानं एक घाणेरडी शिवी दिली. धाकट्याला, तिला, की जगाला, कोण जाणे. मग एका हातानं तो मागचं झाकण उघडायला लागला. तिनं पकडीनं नळीचं तोंड चेपून बंद केलं, कमरेचा पट्टा काढून धाकट्याच्या मांडीच्या वर करकचून आवळला. तो बेशुद्धीतून ओरडत जागा झाला. गॅसकटर पिकअपमध्ये होता, पण पेट्रोल सांडलेलं असताना ठिणगी म्हणजे सगळ्यांचाच अंत. तिनं लोखंड कापायची हातकरवत काढली.

"काय कापणार?" रंगाऱ्यानं विचारलं.

"आधी स्टिअरिंगचा खांब. मग दांडी. दांडी मांडीतून ओढायची नाही, कापून तशीच त्याच्याबरोबर जाऊ द्यायची."

जॅक तिनं दरवाज्याच्या चौकटीत आडवा लावला. रंगाऱ्याला हातानं दांडा मारता येईना, तेव्हा तो कठड्याला पाठ टेकून पायानं मारायला लागला. प्रत्येक लाथेबरोबर मुडपलेला पत्रा करकरत थोडा मागं सरे, आणि प्रत्येक लाथेबरोबर रंगारी कण्हे. "हात नाही तर पाय," तो दात आवळून म्हणाला. "उद्या हा पायही मोडेल माझा."

खांबावर करवत चालायला लागली तोच मागं टॅक्सी थांबली. थोरले उतरले; फोन आल्यावर तेही मोठ्या रस्त्यानं निघाले होते. काठी टेकत ते गाडीपाशी आले, पण सरळ दरवाज्याकडं नाही. आधी पुढं गेले. मुडपलेलं बॉनेट, फुटलेले दिवे, सगळं त्यांनी पाहिलं. एका दिव्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग ते खिडकीपाशी आले.

"दादा," आतून धाकटा म्हणाला.

"ओरडू नकोस," थोरले त्याच मऊ आवाजात म्हणाले. मग वेल्डरबाईला, "तुम्ही काय करताय?"

"कापतेय. बाजूला व्हा."

"हा खांब मूळचा आहे. असा पुन्हा मिळत नाही. क्रेन येऊ दे, पुढून ओढली की सगळं सरळ होईल."

"क्रेन येईपर्यंत हा मरेल. रक्त बघा."

थोरल्यांनी रक्ताकडं पाहिलं, सीटवरच्या. "त्याला कधी थांबायची सवयच नाही," ते म्हणाले. "थांबू दे थोडं."

ती करवत चालवत राहिली. खांब अर्ध्यावर कापला गेला होता. तेवढ्यात तिच्या पाठीवर काठी बसली. जोरदार, मोडक्या बरगडीवरच. ती कळवळून दरवाज्यावर कोसळली. दुसरा फटका मानेवर. थोरल्यांचा चेहरा शांत होता; जोर सगळा हातात होता. "हात काढा," ते म्हणत होते, "माझ्या गाडीवरचा हात काढा." प्रत्येक शब्दाला एक फटका. शर्टाची इस्त्रीही मोडली नव्हती.

लोक नुसते बघत राहिले. म्हाताऱ्या, नीटनेटक्या माणसाला धरावं कसं, असा पेच त्यांच्या तोंडावर होता.

वेल्डरबाईच्या हाताला जॅकचा सुटा दांडा लागला. ती वळली आणि तिनं तो फिरवला. दांडा थोरल्यांच्या गळ्याखालच्या हाडावर बसला. हाड मोडलेलं सगळ्यांना ऐकू आलं. काठी रस्त्यावर खडखडली. ते खाली बसले, पाय पसरून, लहान मुलासारखे, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज वर चढला. "बाबा!" ते ओरडले. "बाबा, मी नाही केलं!"

आतून धाकटा रडायला लागला. भावासाठी की स्वतःसाठी, ते विचारायला कुणाला वेळ नव्हता.

तिनं खांब कापला. मग दांडी. दांडीचं जाड लोखंड कापताना करवतीचं पातं मोडलं, दुसरं लावलं. रंगारी एका हातानं धाकट्याचा पाय हलू नये म्हणून धरून बसला होता, तोंड दुसरीकडं करून. आग विझवणाऱ्यांची गाडी आली तेव्हा दांडी जेमतेम बोटभर कापायची उरली होती. त्यांनी धाकट्याला बाहेर घेतलं, मांडीत दांडीचा तुकडा तसाच ठेवून.

त्या संध्याकाळी इस्पितळात दोघं भाऊ, जाड्या आणि रंगारी अशा चौघांवर चार वेगवेगळ्या खोल्यांत उपचार चालले होते. आणि पाचवी खोली पोलिसांची. वेल्डरबाईनं सगळं सांगितलं. टाके कसे मारले, टिकेल असं का सांगितलं, खिडकीतून काय केलं, तेही. "हे शेवटचं कुणी विचारलं नव्हतं तुम्हाला," पोलीस म्हणाला. ती म्हणाली, "तुम्ही नसतं विचारलं, त्यानं सांगितलं असतं."

धाकट्याचा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. जगला. पुढं त्याला आणि जाड्याला शिक्षा झाली. टोपीवाला शेवटपर्यंत सापडला नाही. थोरल्यांनी मारहाणीची आणि गाडीच्या नासधुशीची फिर्याद लावली. मारहाणीचं न्यायालयानं ऐकून घेतलं आणि तिथं जमलेल्या माणसांच्या साक्षीवर फेटाळलं. नासधुशीचं ते अजून लढतायत. दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, फक्त वकिलांमार्फत.

रंगाऱ्याची दोन बोटं गेली, उरलेली दोन वळत नाहीत. तो घरी आला आणि त्याचे विनोद बंद झाले. पहिले काही आठवडे तो खिडकीत बसून राहायचा. मग चिडायला लागला. शर्टाचं बटण लागलं नाही की शर्ट फाडायचा. एकदा जेवताना त्यानं डाव्या हातातला चमचा आणि समोरचं ताट भिंतीवर फेकलं, आणि वेल्डरबाई उचलायला वाकली तेव्हा तिच्या अंगावर स्टूल भिरकावलं. ते तिच्या कोपराला लागलं.

ती सरळ उभी राहिली. "अरे," ती म्हणाली. "मारायचं असेल तर समोर येऊन मार. पण आज मारलंस तर उद्यापासून मी या घरात नाही. माझ्याकडं मार खायला आता जागा उरलेली नाही."

तो एक पाऊल पुढं आला आणि थांबला. "तू त्याला का काढलंस?" त्यानं विचारलं. इतके दिवस हाच प्रश्न त्यानं विचारला नव्हता. "माझा हात गाडीत कुजत होता आणि तू त्याला काढत बसलीस. काय लागतो तो तुझा?"

"काही नाही."

"मग?"

"ते टाके माझे होते," ती म्हणाली. "तो मेला असता तर माझ्या हातच्या कामानं मेला असता. मग मला पुन्हा इलेक्ट्रोड धरता आला नसता. त्याच्यासाठी नाही काढलं मी त्याला. तो मेला काय नि जगला काय."

रंगाऱ्यानं स्टूल उचलून सरळ ठेवलं. "त्याच्यासाठी नव्हतं," तो हळूच म्हणाला. जणू ते त्याला पुन्हा ऐकायचं होतं.

"त्याच्यासाठी कशाला असेल?"

तो खाली बसला आणि ताटातलं सांडलेलं डाव्या हातानं गोळा करायला लागला. ती शेजारी बसली. दोघांनी मिळून भिंत पुसली.

कारखाना पुन्हा उघडायला थंडीचे दिवस आले. बाकावरचा शिकंजा तिनं काढून भंगारात दिला. दुसरा आणलेला नाही, कामं पकडींवर भागवते. रंगारी डाव्या हातानं फवारा धरायला शिकतोय. प्रायमर अजून एकसारखा बसत नाही, ओघळ येतात, मग तो स्वतःवरच वैतागतो आणि पुन्हा घासून काढतो. गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकानं एक जुनी गाडी आणली, चेसिस चाळण झालेली. वेल्डरबाईनं खालून सांगितलं, डाव्या बाजूला काही राहिलेलं नाही. गिऱ्हाईक घाबरून म्हणाला, "मग कसं हो?"

"मग काय," रंगारी म्हणाला, "आमच्याकडं डावी बाजू मीच बघतो," आणि त्यानं दिवा डाव्या हातात घेऊन गाडीखाली डोकं घातलं.